वर्षभराची वैरण: पाच गायींच्या गोठ्यासाठी चाऱ्याचा हिशेब, लागवड, खरेदी आणि साठवण

वैरण संपल्यावर वैरण शोधायला निघालेल्या पशुपालकाला भाव ठरवता येत नाही. एप्रिल-मेमध्ये कडब्याचा शेकडा (शंभर पेंढ्या) सांगेल त्या दराने घ्यावा लागतो, उसाच्या वाढ्याच्या (शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याच्या) मोळ्यांसाठी रस्त्यावर थांबावे लागते आणि शेवटी दूध उतरते. दुधाच्या उत्पादन खर्चातला सर्वांत मोठा वाटा जनावराच्या खाण्याचा असतो. त्यामुळे गोठा फायद्यात चालणार की तोट्यात, हे बऱ्याच अंशी दावणीत काय पडते आणि ते केव्हा, कोणत्या भावाने आणले यावर ठरते. हा लेख महाराष्ट्रातल्या लहान दूध उत्पादकासाठी आहे. थोडी बागायत आहे, पाच-सहा गायी आहेत आणि वर्षभराची वैरण एकदाच नीट बसवायची आहे, असा गोठा डोळ्यासमोर ठेवला आहे. म्हशी असतील तर आकडे थोडे बदलतील, रीत तीच.

पहिली पायरी: जनावराची गरज कोरड्या वजनात मोजा

आपण चारा पाट्यांवर आणि पेंढ्यांवर मोजतो. पण हिरव्या चाऱ्यात बरेचसे पाणीच असते. कोवळ्या नेपियर गवतात पाणी वजा जाता १५ ते २० टक्के, हिरव्या मक्यात २० ते २५ टक्के, चांगल्या मूरघासात (हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) ३० ते ३५ टक्के आणि वाळलेल्या कडब्यात ९० टक्क्यांच्या आसपास खरा चारा उरतो. याला शुष्क पदार्थ म्हणतात. दुभत्या जनावराला रोज त्याच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ लागतो.

४०० किलोची संकरित गाय घेऊ. तीन टक्क्यांनी तिला रोज १२ किलो शुष्क पदार्थ हवा. तिला ४ किलो खुराक मिळत असेल तर त्यातून ३.६ किलो येतो. ४ किलो कडब्यातून आणखी ३.६ किलो. उरलेला ४.८ किलो हिरव्यातून यायचा, म्हणजे २० टक्क्यांच्या हिशेबाने २४ किलो हिरवा चारा. हिरव्याऐवजी मूरघास घातला तर तेवढ्याच पोषणाला १६ किलो पुरतो. हे १२, ४, ४, २४ आणि १६ आकडे गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावरच चालतो.

आता गोठा मोजू. पाच मोठ्या गायी आणि तीन कालवडी. कालवड अर्धी गाय धरली तर एकूण साडेसहा गायी होतात. रोजचा हिरवा चारा १५६ किलो, वाळला २६ किलो. वर्षाला हिरवा सुमारे ५७ टन, वाळला साडेनऊ टन. दावणीत सांडणारे, तुडवले जाणारे आणि पावसात भिजणारे मिळून दहा टक्के तरी धरावेच लागते. म्हणून लक्ष्य ठेवा ६३ टन हिरवा आणि साडेदहा टन वाळला.

गायीचे वजन माहीत नसेल तर अंदाजाने धरू नका. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ६६० केले की किलोत वजन येते. काट्याइतके अचूक नसले तरी नियोजनाला ते पुरते.

दुसरी पायरी: जमीन वाटून घ्या

वरच्या गोठ्याला दीड एकर बागायत पुरते, पण तिची वाटणी विचाराने करावी लागते. सगळ्या दीड एकरात नेपियर लावून मोकळे होण्याचा मोह पडतो, कारण एकदा लावले की तीन-चार वर्षे नांगर घालावा लागत नाही. पण नुसत्या नेपियरवर दूध टिकत नाही, त्यात प्रथिने कमी पडतात. एकदल आणि द्विदल दोन्ही चारे हवेत. माझी पसंती अशी: २० गुंठे नेपियर, १० गुंठे लसूण घास आणि ३० गुंठे मका, तोही वर्षातून दोनदा.

बागायतीत, चांगल्या निगराणीत नेपियर वर्षाला एकरी ५० टनांपर्यंत जाते, म्हणजे २० गुंठ्यांत २५ टन. घास १० गुंठ्यांत साडेसात टन. मका एका पिकात एकरी २० टन धरला तर ३० गुंठ्यांत १५ टन, दोन पिकांचे ३०. बेरीज साडेबासष्ट टन. हिशेब काठावर बसतो. पण मूरघासासाठी मका उशिरा, दाणे भरल्यावर कापतात. त्यात कोरडा भाग जास्त असतो, म्हणून प्रत्यक्षात थोडी शिल्लक पडते. ती विकू नका, पाणी आटले की नेपियरचे उत्पादन पहिले घसरते.

जिरायतच असेल तर हा आराखडा चालणार नाही. तिथे खरिपात कडवळ (चाऱ्याची ज्वारी), बाजरी आणि चवळी, रब्बीत ज्वारी, बांधावर मारवेल, सुबाभूळ, शेवरी आणि हादगा, आणि बाकी खरेदी, असाच मार्ग आहे. कमी पाण्यासाठी आणि बांधासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले मारवेल ०६-४० हा वाण दिला आहे.

तिसरी पायरी: लागवड

*नेपियर.* राहुरीचे फुले जयवंत आणि फुले गुणवंत, कोइमतूरचे सीओ-४ आणि सीओ-५, बाएफ या पशुपालनात काम करणाऱ्या संस्थेचे बीएनएच-१० हे ओळखीचे वाण. दरवर्षी एखादे नवे नाव घेऊन कोणीतरी एकरी दोनशे टनांचा दावा करतो आणि एक डोळा काही रुपयांना विकतो. वाणाच्या नावापेक्षा खत, पाणी आणि कापणीची वेळ जास्त चारा देतात, हे लक्षात ठेवून विद्यापीठाकडून, बाएफच्या उरुळीकांचन केंद्रातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या चालू प्लॉटमधून ठोंब आणा.

तीन महिने वयाच्या खोडाच्या दोन डोळ्यांच्या कांड्या घ्या. एक डोळा जमिनीत, एक वर. अंतर ३ बाय २ फूट, म्हणजे २० गुंठ्यांना साधारण ३,६५० कांड्या. पाणी असेल तर फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत कधीही लावता येते, जून-जुलै सर्वांत सोयीचा. पहिली कापणी ६० ते ६५ दिवसांनी, पुढच्या दर सहा-सात आठवड्यांनी. जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर बुंधा ठेवून कापा. अगदी मातीलगत कापले की फुटवे मरतात. आठ-दहा फूट वाढू दिलेले नेपियर बघायला भरघोस दिसते, पण त्यात काडी जास्त, पाला कमी. जनावर पाला खाते आणि निम्मी काडी दावणीत सोडते.

२० गुंठ्यांचे सात वाफे पाडा आणि आठवड्याला एक वाफा कापा. सातवा संपेपर्यंत पहिला पुन्हा तयार होतो. अशा चक्रातून रोज सरासरी ६८ किलो चारा निघतो. प्रत्येक कापणीनंतर पाणी आणि एकरी २० ते २५ किलो युरिया द्या. वाफा लहान असेल तर त्या प्रमाणात कमी करा. भरपूर युरिया घालून आठ-दहा दिवसांत चारा कापू नका, त्यात नायट्रेट साठलेले असते.

*लसूण घास.* राहुरीचा आरएल-८८ किंवा आनंद-२. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक फुटाच्या ओळींत, एकरी १० किलो, म्हणजे १० गुंठ्यांना अडीच किलो बी. बियाला रायझोबियम हे जिवाणू संवर्धक चोळायला विसरू नका. बी घेताना अमरवेलाचे बी मिसळलेले नाही ना, ते नीट पाहा. पिवळ्या दोऱ्यासारखी ही परोपजीवी वेल एकदा घासात शिरली की प्लॉट मोडावा लागतो. पहिली कापणी ४५ ते ५० दिवसांनी, नंतर दर २१ ते २५ दिवसांनी. नीट राखला तर तीन वर्षे चालतो. आपल्या हिशेबात गायीला रोज सरासरी तीन किलोच घास येतो, पण तेवढ्यानेही खुराकातली पेंड थोडी कमी करता येते.

*मका.* हिरवा कापून घालायला आफ्रिकन टॉल चांगला. एकरी ३० किलो बी, एक फुटाच्या ओळी, ५० टक्के फुलोरा ते दाणे दुधाळ होईपर्यंत कापणी. मूरघासासाठी मात्र धान्याचा चांगला संकरित मका घ्या असे मी सांगेन. दोन फुटांच्या ओळी, दोन रोपांत ८ इंच, एकरी ८ किलो बी. मूरघासाची ताकद कणसातल्या पिष्टात असते, उंच धाटात नसते. खरिपाचा मका जून-जुलैत पेरून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मूरघासाला, त्याच रानात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रब्बीचा. रब्बीचा मका दोन-तीन टप्प्यांत, दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरला तर काही हिरवा कापता येतो आणि उरलेला मूरघासाला जातो. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी मक्यावर कायमची बसली आहे. पोंग्यात लेंडीसारखा भुसा आणि पानांवर खिडक्या दिसल्या की लगेच उपाय करा. फवारलेल्या औषधाच्या डब्यावर जेवढे दिवस थांबायला सांगितले आहे तेवढे थांबल्याशिवाय चारा कापू नका, कारण चाऱ्यातले औषध दुधात उतरू शकते.

हिवाळ्यात जागा मोकळी राहिली तर ओट. केंट किंवा फुले हरिता, एकरी ४० किलो बी. थंडीत नेपियर थबकते, त्या डिसेंबर-जानेवारीत ओट उपयोगी पडतो.

चौथी पायरी: मूरघास

लहान गोठ्याला सर्वांत जास्त फायदा इथे आहे आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून थोडे सविस्तर.

किती करायचा? मार्च ते जूनचा मध्य हे सुमारे १०० दिवस संकटाचे धरा. त्या काळात हिरवा अजिबात नाही असे समजले तर साडेसहा गायींना १६ किलोप्रमाणे रोज १०४ किलो, म्हणजे १०.४ टन. नासधूस धरून १२ टन. ३० गुंठ्यांचा एक खरीप मका हे भागवतो.

केव्हा कापायचा? कणीस सोलून एक दाणा काढा. दाण्याच्या वरच्या टोकाकडून पिवळा घट्ट भाग खाली सरकत येतो. तो निम्म्यावर आला, खालचा निम्मा अजून दुधाळ आहे, की वेळ झाली. पेरणीपासून साधारण ८० ते ९५ दिवस, वाण आणि हवामानाप्रमाणे. याची मूठ चाचणी करता येते. कुट्टी (बारीक कापलेला चारा) मुठीत घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांतून पाणी गळाले तर चारा फार ओला आहे, एक दिवस थांबा किंवा कापून अर्धा दिवस सुकू द्या. गोळा लगेच विस्कटला तर फार सुकला आहे, त्यात हवा राहील आणि बुरशी येईल. हात ओलसर झाला आणि गोळा हळूहळू सुटला तर लगेच भरायला घ्या.

कुट्टी अर्धा ते पाऊण इंच. यापेक्षा लांब तुकडे दाबले जात नाहीत. कापणी, कुट्टी आणि भरणे एकाच दिवशी, फार तर दोन दिवसांत संपवा. म्हणून आदल्या दिवशीच कुट्टी यंत्र, वीज, माणसे, पिशव्या आणि ताडपत्री हाताशी आहे ना ते बघून घ्या. थर सहा इंचांपेक्षा जाड नको आणि प्रत्येक थर तुडवून घट्ट करा. कडा आणि कोपरे विशेष, कारण हवा तिथेच राहते. मका योग्य अवस्थेत असेल तर गूळ, मीठ कशाचीच गरज नसते. जिवाणू संवर्धक वापरायचे असेल तर पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून थरांवर फवारा. नेपियरचा मूरघास करायचा असेल तर गोष्ट वेगळी. त्यात पाणी जास्त आणि साखर कमी, म्हणून अर्धा दिवस सुकवणे आणि गुळाचे पाणी, दोन्ही लागतात.

खड्डा की पिशवी? इथे बहुतेक जण नुसता खर्च बघतात, रोजचे काढणे बघत नाहीत. मूरघास उघडला की हवा लागून नासू लागतो, म्हणून उघड्या तोंडावरून रोज किमान सहा इंचांचा थर निघालाच पाहिजे. चांगला दाबलेला मूरघास घनफुटाला १५-१६ किलो भरतो. १०४ किलो म्हणजे जेमतेम सात घनफूट. सहा फूट रुंद आणि पाच फूट उंच खड्ड्याच्या ३० चौरस फुटांच्या तोंडावरून सात घनफूट काढले तर थर तीन इंचांपेक्षाही कमी निघतो आणि पुढचा मूरघास रोज नासत जातो. आपल्या गोठ्याला तोंड १३-१४ चौरस फुटांपेक्षा मोठे नको, म्हणजे चार फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच अशी अरुंद लांब टाकी. नाहीतर सरळ ५०० किलोच्या पिशव्या, एक पिशवी पाच दिवसांत संपते. पंधरा-वीस गायींच्या पुढे मात्र बंकरच परवडतो, तो ट्रॅक्टरने दाबता येतो.

पिशव्यांचा शत्रू उंदीर. सावलीत, मोकळ्या फरशीवर ठेवा, भोवती गवत वाढू देऊ नका, आठवड्याला एकदा फेरी मारा आणि भोक दिसले की त्याच दिवशी चिकटपट्टी लावा.

४५ दिवसांनी उघडा. चांगला मूरघास पिवळसर हिरवा असतो आणि त्याला लोणच्यासारखा आंबट वास येतो. गडद तपकिरी आणि जळक्या साखरेचा वास असेल तर आत उष्णता झाली, प्रथिने वाया गेली, पण चारा खायला चालतो. काळा, चिकट, घाणेरड्या वासाचा किंवा पांढऱ्या-निळ्या बुरशीचा भाग मात्र उकिरड्यावर टाका. तो भाकड गायीलाही नाही आणि गाभण गायीला तर मुळीच नाही. बुरशीच्या विषांनी गाय आजारी पडते आणि अफलाटॉक्सिन तर दुधातून माणसापर्यंत येते.

पाचवी पायरी: वाळली वैरण विकत घेणे

साडेदहा टन वाळली वैरण क्वचितच कोणाच्या स्वतःच्या रानात होते. त्यात गेल्या वीस-तीस वर्षांत खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, कापणी हार्वेस्टरने होऊ लागली, आणि कडबा दुर्मीळ झाला. आता चांगला कडबा मुख्यतः रब्बी ज्वारीच्या पट्ट्यातून येतो: सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, जामखेड, बीड, धाराशिव. त्यातही मालदांडीच्या कडब्याला मागणी जास्त, कारण तो गोड आणि पालेदार असतो.

खरेदीचे वेळापत्रक पिकांच्या सुगीवर बांधा. सोयाबीनचे भुसकट ऑक्टोबरमध्ये, भाताचा पेंढा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, तूर आणि हरभऱ्याचे भुसकट, म्हणजे विदर्भातले कुटार, जानेवारी ते मार्च, रब्बीचा कडबा फेब्रुवारी-मार्च, गव्हाचे भूस मार्च-एप्रिल. मळणी चालू असते तेव्हा शेतकऱ्याला रान मोकळे करायचे असते, भाव तेव्हाच पडतात. पैसे एकदम नसतील तर चार-पाच गोठ्यांनी मिळून एक ट्रक आणा, वाहतूक वाटली जाते.

कडबा शेकड्यावर विकतात आणि पेंढी सगळीकडे सारखी नसते. एका गावची पेंढी दीड किलोची, दुसरीकडे अडीच किलोची. म्हणून ढिगातून वेगवेगळ्या जागच्या दहा पेंढ्या उचला, वजन करा, सरासरी काढा आणि शेकड्याच्या भावाला शंभर पेंढ्यांच्या वजनाने भागून किलोचा भाव काढा. ट्रक असेल तर भरलेला आणि रिकामा, दोन्ही वेळा काट्यावर घ्या. पेंढीचा बंध सोडून आत बघा. पाला टिकला आहे का, रंग हिरवट पिवळा आहे की काळपट, आत दमटपणा किंवा बुरशीचा वास आहे का. पावसात भिजून वाळलेला कडबा बाहेरून चांगला दिसतो, आत काळे डाग असतात.

वेगवेगळे चारे तोलताना किलोच्या भावाला शुष्क पदार्थाच्या टक्केवारीने भागा. समजा हिरवा मका तीन रुपये किलो, तर २० टक्क्यांनी त्यातला कोरडा चारा १५ रुपये किलो पडतो. मूरघास सहा रुपये आणि ३० टक्के, म्हणजे २० रुपये. कडबा आठ रुपये आणि ९० टक्के, म्हणजे सुमारे नऊ रुपये. कडबा स्वस्त दिसतो, पण त्यात प्रथिने आणि ऊर्जा कमी, ती खुराकातून भरावी लागते. म्हणून या भागाकारातून लगेच विजेता ठरवू नका. त्याचा खरा उपयोग एकाच जातीच्या दोन मालांत फसगत टाळायला होतो. दोन मूरघास विक्रेत्यांत पाच रुपयांचा पाणीदार माल सहा रुपयांच्या घट्ट मालापेक्षा महाग असू शकतो.

गंजी रचताना खाली दगड, लाकडे किंवा तुराट्या टाकून जमिनीपासून अर्धा-एक फूट उंच करा. माथा उतरता ठेवा आणि ताडपत्रीच्या कडा गंजीच्या बाजूंबाहेर येऊ द्या. गोठा, चूल आणि विजेच्या तारा यांपासून गंजी लांब हवी. सगळी वैरण एकाच गंजीत ठेवू नका. आग किंवा पाऊस, जे काही होईल ते निम्म्यावर भागावे.

सहावी पायरी: दावणीत घालताना

कुट्टी केल्याशिवाय कडबा आणि नेपियर घालणे म्हणजे बराचसा चारा शेणाबरोबर उकिरड्यावर टाकणे. हिरवा, वाळला आणि मूरघास एकत्र मिसळून घाला, जनावर निवडून खात नाही. दिवसातून दोनदा मोठा आणि रात्री एकदा वाळला, असा क्रम बहुतेक गोठ्यांना जमतो. मोठ्या गायीला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि २४ तास पाणी. आठवड्यातून एकदा एका गायीचा चारा काट्यावर मोजा. डोळ्याचा अंदाज हळूहळू सरकतो आणि तो सरकल्याचे दूध कमी झाल्यावरच कळते.

चारा बदलायचा असेल तर सात ते दहा दिवस घ्या. पोटातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. पहिल्या दिवशी पाव भाग नवा, मग वाढवत जा.

काही चाऱ्यांना धोका असतो, तो मनात ठेवूनच काम करा.

ज्वारीचे कोवळे पोंगे, कापणीनंतरचे नवे फुटवे आणि पाण्याच्या ताणाने खुरटलेले कडवळ यांत पोटात गेल्यावर हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. याला किरळ लागणे म्हणतात. जनावर काही मिनिटांत धापा टाकते, तोंडाला फेस येतो, झोकांड्या खाऊन पडते. उपचार शिरेतून द्यावे लागतात, ते पशुवैद्यकाचेच काम. क्षणही न दवडता डॉक्टरला बोलवा, पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक पाठ असू द्या. कडवळ फुलोऱ्यावर आल्याशिवाय कापायचे नाही आणि ज्वारीच्या खोडव्यात जनावर सोडायचे नाही, एवढे पाळले तर ही वेळ येत नाही.

ओला, दवाने भिजलेला घास रिकाम्या पोटी भरपूर खाल्ला तर पोट फुगते. आदल्या संध्याकाळी कापा, सुकू द्या, कडब्यात मिसळा. उसाच्या वाढ्यात आणि कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असते, ते कॅल्शियम अडवते. नुसत्या वाढ्यावर दोन-तीन महिने काढलेल्या गायी विल्यानंतर आडव्या पडतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असते. वाढे दिवसाला १० ते १५ किलोच्या पुढे नको आणि सोबत खनिज मिश्रण चुकवू नका. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते, हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नका. डोंगरातले कुसळी गवत कुसळे येण्याआधी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच कापा. नंतर कुसळे तोंडात आणि हिरड्यांत रुततात.

अझोला (पाण्यावर वाढणारी लहान वनस्पती) आणि हायड्रोपोनिक (मातीशिवाय उगवलेला) चारा यांबद्दल सतत विचारणा होते. अझोला दीड-दोन किलो पूरक म्हणून चांगला, त्यात प्रथिने आहेत, पण त्यावर गोठा चालत नाही. हायड्रोपोनिकमध्ये एक किलो मक्याचे सहा-आठ किलो होतात खरे, पण वाढते ते पाणी. कोरडा भाग उलट थोडा घटतो. रान अजिबात नसलेल्यानेच तिकडे वळावे.

सातवी पायरी: टंचाईचे वर्ष

सप्टेंबरअखेर विहिरीची पातळी आणि गंजीचे वजन दोन्ही मोजा. राज्याने २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये चारा छावण्या पाहिल्या आहेत. त्या वर्षांतही पाऊस कमी पडल्याचे सप्टेंबरमध्येच दिसत होते. जूनपर्यंतची गरज आणि हातातला साठा यांत तफावत दिसली तर निर्णय ऑक्टोबरमध्ये घ्या. भाकड आणि वारंवार उलटणारी (भरवूनही गाभण न राहणारी) जनावरे तेव्हा विकली तर किंमत येते, एप्रिलमध्ये सगळा बाजारच विकायला उभा असतो. दहा जनावरे अर्धपोटी ठेवण्यापेक्षा सहा पोटभर ठेवलेली बरी, हे बोलायला जड जाते पण दुभत्या गायीचे पुढचे वेत त्यावर अवलंबून असतात.

निकृष्ट वैरण सुधारण्यासाठी युरिया प्रक्रिया खरोखर उपयोगी आहे. १०० किलो भाताचा पेंढा, गव्हाचे भूस किंवा भुसकट घ्या. ४ किलो युरिया काट्यावर मोजून ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. वैरणीचे पातळ थर देत त्यावर झारीने सारखे शिंपडा, तुडवा, पुढचा थर द्या. शेवटी प्लास्टिकने हवाबंद झाका आणि २१ दिवस हात लावू नका. घालण्याआधी तासभर पसरून अमोनियाचा वास जाऊ द्या. पहिल्या आठवड्यात थोडी थोडी मिसळून सवय लावा. सहा महिन्यांखालच्या वासरांना ही वैरण नको. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाला लागेल अशा जागी एक क्षणही ठेवू नका, आणि युरिया थेट आंबोणात टाकणे तर जीवघेणेच.

कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो, तोवर फडावर वाढे मिळते. ऊसतोड कामगार मोळीवर विकतात, तिथेही पेंढीसारखेच दोन-चार मोळ्या तोलून घ्या. हंगाम संपायच्या आत वाढ्याची कुट्टी करून मूरघास केला तर मेपर्यंत पुरवता येतो.

आणि पाऊस लागला की घाई करू नका. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बांधावर उगवणारे कोवळे गवत पाणीदार असते. तीन महिने वाळल्या वैरणीवर काढलेले जनावर त्यावर तुटून पडते आणि हगवण, पोटफुगी ओढवते. सकाळी सोडण्याआधी दोन किलो तरी कडबा खाऊ द्या, पहिले आठ दिवस तासाभरापेक्षा जास्त चारू नका आणि मूरघासाची शेवटची पिशवी जूनअखेरपर्यंत राखून ठेवा.